हार्मोनवर वाढवलेली गुरं आणि आपल्या गोठ्यातली पान्ह्याची सुई

तापीकाठ:
नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यात आमची केळी-कापसाची शेती आहे आणि दारात म्हशी आहेत. सध्या नातेवाइकांच्या ग्रुपवर अमेरिकेतल्या फीडलॉटचा एक व्हिडिओ फिरतोय. नजर पोहोचेल तिथपर्यंत लोखंडी कुंपणं, आत हजारो गोऱ्हे, पायाखाली गवताची काडी नाही, समोर मक्याची गव्हाण. सांगणारा म्हणतो की यांच्या कानामागे हार्मोनची गोळी बसवलेली असते. खाली सगळ्यांचे शेरे एकाच सुरात: परदेशात कसलं विष खातात बघा, आपलं दूध-तूप किती शुद्ध!

पहिली गोष्ट मला पटते, दुसरी पटत नाही. म्हणून हा धागा काढतोय.

गोऱ्ह्याला गवतावर वाढायला जेवढे दिवस लागतात तेवढे द्यायचे नाहीत, म्हणून तिकडे मका आणि गोळी. म्हशीला रेडकू लावून पान्हा यायला जेवढा वेळ लागतो तेवढा द्यायचा नाही, म्हणून इकडे ऑक्सिटोसिनची सुई. आमच्या भागात रस्त्याच्या कडेच्या तबेल्यांमधून पहाटे धारेआधी ती सर्रास टोचली जाते. छोट्या प्लास्टिकच्या बाटलीत मिळते, वर चिठ्ठी नसते, आत किती ताकदीचं औषध आहे ते देणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि घेणाराही विचारत नाही.

या विषयावर बोलणं निघालं की लोक एकच विचारतात, दुधात काय उतरतं? मांसात काय उतरतं? तो प्रश्न चुकीचा नाही. पण मी गोठ्यात उभा राहून बघतो तेव्हा मला आधी जनावर दिसतं. सकाळ-संध्याकाळ मानेत सुई खाणाऱ्या म्हशीच्या शरीराचं काय होतं, आणि ती सुई आली तेव्हा आपण गोठ्यातलं कुठलं काम सोडून दिलं, यावर बोलूया. माहितगारांनी लिहावं.

कोथरूडची_आई:
दादा, मी शहरात राहते, त्यामुळे मला तुमच्या पहिल्या प्रश्नाचीच काळजी जास्त वाटते. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिच्या वर्गातल्या दोन मुलींना पाळी सुरू झाली. सोसायटीतल्या सगळ्या बायका म्हणतात की हे दुधातल्या इंजेक्शनमुळेच होतंय. आम्ही पिशवीचं दूध बंद करून गोठ्यावरचं सुरू केलं, आणि आता तुम्ही म्हणताय की गोठ्यावरच सुई आहे. मग आम्ही करायचं काय?

पशुवैद्य_पारोळा:
ताई, तुमची काळजी रास्त आहे, पण ऑक्सिटोसिनचा आणि लवकर पाळी येण्याचा संबंध जोडायला आधार नाही. ऑक्सिटोसिन म्हणजे फक्त नऊ अमिनो आम्लांची छोटी साखळी. पोटात गेली की इतर प्रथिनांसारखी पचते. रक्तातही ती काही मिनिटंच टिकते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं सुई टोचलेल्या आणि न टोचलेल्या जनावरांचं दूध तपासलं होतं, त्यात ऑक्सिटोसिनच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. न टोचलेल्या म्हशीच्या दुधातही थोडं असतंच. मुलींची पाळी लवकर येण्यामागे लहानपणीचं वजन आणि आहार यांचा वाटा मोठा असतो, त्यासाठी बालरोगतज्ज्ञांशी बोला.

धागाकर्त्यांच्या मुद्द्याकडे येतो, कारण खरा गोंधळ तिथेच आहे.

दूध कासेत तयार असतं, पण ते खाली उतरायला मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटावं लागतं. रेडकानं कासेला ढुसणी दिली, आचळ चोखलं किंवा धार काढणाऱ्याचा हात लागला की मेंदूला निरोप जातो. मग ऑक्सिटोसिन रक्तावाटे कासेत पोहोचतं आणि दुधाच्या सूक्ष्म पिशव्यांभोवतीचे स्नायू आकसतात. यालाच आपण पान्हा म्हणतो. गाईच्या कासेत साधारण पाचवा हिस्सा दूध आधीच खालच्या पोकळीत उतरलेलं असतं. म्हशीत ते जेमतेम पाच टक्के असतं, बाकी सगळं वरच अडकलेलं. म्हणून गाईनं पान्हा चोरला तरी थोडीफार धार मिळते, म्हशीनं चोरला तर बादली कोरडीच राहते. शिवाय म्हशीला पान्हा यायला गाईपेक्षा जास्त वेळ लागतो, दोन मिनिटं किंवा त्याहूनही अधिक. तेवढ्यात कोणी ओरडलं, काठी मारली, अनोळखी माणूस जवळ आला, की भीतीनं शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि पान्हा आटतो.

म्हणजे जे औषध बाहेरून टोचतात ते म्हशीच्या स्वतःच्याच शरीरात तयार असतं. ते सुटावं अशी परिस्थिती आपण तिला देत नाही, एवढंच. आणि रोज बाहेरून दिलं की तिची स्वतःची यंत्रणा मंदावते. सतत ऑक्सिटोसिन दिलेल्या गाई ते बंद केल्यावर नीट पान्हवत नाहीत हे परदेशातल्या प्रयोगांतही दिसलंय. गाभण जनावराला हे देणं तर फार धोक्याचं, कारण ते गर्भाशयालाही कळा आणतं. अस्वच्छ सुईनं मानेवर गळू होतात, ते वेगळंच. एकच सुई दावणीतल्या सगळ्या म्हशींना वापरतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तापीकाठ:
डॉक्टरसाहेब, धन्यवाद. अजून एक जोडतो. सुईवरची म्हैस गुरांच्या बाजारात विकताना विकणारा ते सांगत नाही. घेणारा सालदाराच्या पगारातून किंवा सोनं मोडून म्हैस घरी आणतो, आणि दुसऱ्या दिवशी ती धारच देत नाही. मग तोही बाटली शोधत फिरतो. सुई एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात अशीच पसरली आहे.

भडगावकर_नेब्रास्का:
मी मूळचा भडगावचा, नोकरीनिमित्त नेब्रास्कात राहतो. फीडलॉट इथे रोज दिसतात, आणि वारा फिरला की वासही येतो. व्हिडिओत अर्धी माहिती असते, म्हणून सविस्तर लिहितो.

इथलं वासरू जन्मापासून सहा-आठ महिने आईबरोबर कुरणातच असतं. नंतर ते फीडलॉटमध्ये येतं आणि पुढचे काही महिने मुख्यतः मक्यावर वाढतं. अमेरिकेत मांसाच्या गुरांसाठी सहा हार्मोन मंजूर आहेत. इस्ट्रॅडिऑल, प्रोजेस्टेरॉन आणि टेस्टोस्टेरॉन ही तीन शरीरात असतातच तशी. ट्रेनबोलोन, झेरानॉल आणि मेलेनजेस्ट्रॉल ही तीन बनवलेली. मेलेनजेस्ट्रॉल खाद्यातून देतात, बाकीच्यांची बारीक गोळी कानाच्या मागच्या बाजूला कातडीखाली बसवतात आणि ती हळूहळू विरघळते. कान खाण्यात जात नाही, म्हणून ती जागा. गोळीमुळे रोजची वजनवाढ साधारण दहा ते वीस टक्क्यांनी वाढते, तेही कमी खाद्यात. यातलं ट्रेनबोलोन खेळाडूंना बंदी असलेल्या औषधांच्या जागतिक यादीत आहे.

माझ्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाला एक गोष्ट फार खटकते. इथे गोऱ्हे लहानपणीच खच्ची करतात, म्हणजे स्वभाव शांत राहतो आणि मांस मऊ होतं. पण त्यामुळे वाढ मंदावते. मग जे शरीरातून काढून टाकलं तेच गोळीतून परत घालतात. बैल आपणही खच्ची करतो, पण त्यानंतर त्याला त्याच्या गतीनं वाढू देतो.

सरसकट घबराट मात्र नको. इथे कोंबड्यांना आणि डुकरांना हार्मोन द्यायला परवानगीच नाही, तरी लोक 'हार्मोनची कोंबडी' म्हणत राहतात. गोळी लावलेल्या गुराच्या मांसात जास्तीचं इस्ट्रॅडिऑल असतं ते ग्रॅमच्या अब्जाव्या भागात मोजावं लागतं. अमेरिकेचं औषध प्रशासन म्हणतं की यात धोका नाही. युरोप म्हणतो की पाळी न आलेल्या लहान मुलांच्या शरीरात हे हार्मोन मुळातच अगदी थोडं असतं, त्यामुळे त्यांच्यासाठी सुरक्षित मर्यादा ठरवताच येत नाही. युरोपनं 1 जानेवारी 1989 पासून असं मांस आयात करणं बंद केलं. अमेरिका आणि कॅनडा जागतिक व्यापार संघटनेत गेले, 1998 मध्ये निकाल युरोपच्या विरोधात लागला, तरी युरोपनं बंदी उठवली नाही. 1999 मध्ये अमेरिकेनं युरोपच्या मालावर जादा कर लावला. पण बंदी आजही कायम आहे.

युरोपच्या हट्टाला इतिहास आहे. डीईएस नावाचं बनवलेलं हार्मोन 1954 पासून इथल्या गुरांना देत होते. तेच औषध गर्भपात टळावा म्हणून गरोदर बायकांनाही देत होते. 1971 मध्ये कळलं की त्या बायकांच्या मुलींना तरुणपणीच एक दुर्मीळ कर्करोग होतोय. तरीही गुरांमधला वापर पूर्ण बंद व्हायला 1979 उजाडलं.

आणि नदी. ट्रेनबोलोन शेणामुतातून बाहेर पडतं आणि शेणखतात महिनोन् महिने टिकतं. इथल्या एल्कहॉर्न नदीत फीडलॉटचं पाणी मिसळतं त्या जागेच्या खालच्या अंगाचे मासे शास्त्रज्ञांनी तपासले. 2004 मध्ये ते प्रसिद्ध झालं. नरांची वृषणं लहान झालेली होती आणि माद्यांच्या शरीरातलं हार्मोनचं गणित नरांकडे झुकलं होतं. ते मासे कोणी खात नाही, म्हणून त्यांच्यावर फारशी चर्चाही झाली नाही.

कोथरूडची_आई:
माशांचं वाचून अंगावर काटा आला. आपल्याकडे शेणखत केळीला जातं ना? मग सुईचं पुढे काय होतं?

पशुवैद्य_पारोळा:
ऑक्सिटोसिन मातीत टिकत नाही, लवकर तुटतं. भडगावकरांनी लिहिलंय ते वेगळ्या जातीचं हार्मोन आहे. पण गुरांचं औषध गोठ्याबाहेर जात नाही हा समज आपल्याकडे एकदा फार महागात पडलाय. डायक्लोफेनॅक आपण वेदनेवर सर्रास टोचत होतो. ती गुरं मेल्यावर गिधाडांनी खाल्ली, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि काही जातींची नव्वद टक्क्यांहून जास्त गिधाडं संपली. कारण 2004 मध्ये सापडलं आणि 2006 मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं. माझ्या लहानपणी गावाबाहेर ढोरं टाकायच्या जागी गिधाडांचे थवे उतरायचे. आज माझ्या मुलाला दाखवायला एकही नाही.

तबेला_धुळे:
सगळं वाचलं. आता आमचं ऐका. शहराच्या कडेला माझा तबेला आहे. मुऱ्हा म्हशी हरियाणातून आणतो. दोन-तीन दिवसांचा ट्रकचा प्रवास, उन्हाळ्यात तर विचारू नका. रेडकू वाटेतच मरतं, नाहीतर आल्यावर हगवण लागून जातं. नर असेल तर पाठवणाराच पाठवत नाही. रेडकू नाही, जागा नवी, पाणी नवं, माणसं नवी. म्हैस पान्हा कुठून घालणार?

सरकीच्या ढेपेचा भाव बघा, कडब्याचा भाव बघा. पहाटे सहाच्या आत दूध गिऱ्हाइकाच्या दारात लागतं, उशीर झाला की गिऱ्हाईक दुसऱ्याकडे. धार काढणारा गडी मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही. एका गड्यानं प्रत्येक म्हशीपाशी बसून पान्ह्याची वाट बघायची म्हटलं तर सूर्य डोक्यावर येईल. मी हौसेनं सुई टोचत नाही. घरोघरी ताजं, सुट्टं, घट्ट दूध पाहिजे आणि भावही वाढवायचा नाही, असं असेल तर हेच होणार.

गिरणाखोरं:
भाऊ, अडचण खरी आहे पण हा गुन्हाही आहे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याचं कलम 12 बघा. दूध वाढवायला जनावराच्या तब्येतीला अपाय होईल असं इंजेक्शन दिलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड आहे. दंड फक्त एक हजार, तोही त्या काळातला. आणि ऑक्सिटोसिन डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकताच येत नाही.

ढेप_कमी_फॅट_जास्त:
कायद्यानं काय झालं? 2018 मध्ये बंदी आणली होती ना? मग बाटल्या अजून मिळतात कशा?

सातपुड्याची_लेक:
त्या बंदीबद्दल मला लिहायलाच हवं. मी शहादा-धडगाव पट्ट्यात परिचारिका आहे. बाळ बाहेर आलं की लगेच आईला आम्ही ऑक्सिटोसिनचे दहा युनिट देतो, म्हणजे गर्भाशय आकसतं आणि रक्तस्राव थांबतो. बाळंतपणात बायका दगावतात त्यात अतिरक्तस्राव हे मोठं कारण आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं त्यासाठी सांगितलेलं पहिलं औषध हेच. तुमच्या चर्चेत ते निव्वळ विष वाटतंय. आमच्या पाड्यावर पावसाळ्यात रस्ता तुटलेला असताना तेच आईला वाचवतं.

2016 मध्ये हिमाचलच्या उच्च न्यायालयानं गुरांमधल्या गैरवापरावर बोट ठेवलं. केंद्रानं एप्रिल 2018 मध्ये काढलेल्या आदेशानुसार देशातल्या वापरासाठी हे औषध फक्त एका सरकारी कंपनीनं बनवायचं होतं. सगळ्या देशाच्या बाळंतिणींसाठी एकच कारखाना! डिसेंबर 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विषय मोठ्या पीठाकडे सोपवला.

मला म्हशीची दया येत नाही असं नाही, आमच्याही घरी गुरं आहेत. पण बाटलीवर चिठ्ठी नाही म्हणजे ती चोरून बनवलेली आहे. ती बनवणारा परवानाधारक कारखान्यांच्या यादीत आहेच कुठे? तुम्ही जे विकत घेता ते आमच्या औषधाच्या पेटीतून येत नाही. आमचं ऑक्सिटोसिन दोन ते आठ अंश थंडीत जपावं लागतं. तुमची बाटली पेंडीच्या पोत्याशेजारी मे महिन्यातल्या धुळ्यात पडलेली असते. तिच्यात काय उरतं आणि काय मिसळलेलं असतं ते देवालाच ठाऊक. धाड टाकायची तर तिथे टाका. दवाखान्यातल्या औषधावर नको.

तापीकाठ:
ताई, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. औषध गुन्हेगार नाही हे मान्य.

तबेलावाले भाऊ, तुम्ही मोकळेपणानं लिहिलंत म्हणून मीही तसंच लिहितो. तुमच्या प्रतिसादात सगळ्यात वर रेडकू मरतं हे आहे. मला वाटतं सुईचा प्रश्न तिथेच सुरू होतो. रेडकाला पाजलेलं दूध म्हणजे तोटा असा हिशोब आपण मांडला, म्हणून रेडकू मेलं तरी हळहळ वाटेनाशी झाली. मग मेलेल्या रेडकाचं काम सुईकडे दिलं. भडगावकर लिहितात तिथेही तेच आहे. कुरण आणि वेळ काढून घेतला, त्याचं काम गोळीकडे दिलं. तिथला शेतकरीही म्हणत असेल, शेजारी लावतो, मी नाही लावली तर भावात मार खाईन.

भडगावकर_नेब्रास्का:
अगदी तेच म्हणतात. गोळी न लावलेलं जनावर वेगळ्या भावानं विकायचं तर त्याचे कागद, तपासणी, वेगळी गिऱ्हाइकं. मोठ्याला जमतं, छोट्याला नाही.

गावरान_७७:
मुळात गोमांस खाणाऱ्यांची काळजी आपण का करायची? आपल्याकडे गोवंश

संयोजक:
गोवंश हत्याबंदीवर स्वतंत्र धागे आहेत. त्यावरचे प्रतिसाद तिकडे हलवले आहेत. इथे गोठ्यावर बोलूया.

अहिराणी_भाऊ:
मन्हा आजानी कधी सुई देखी नही. म्हैस अडी गयी का मन्ही आजी तिना पाठवर हात फिरावत बठी राहे, गव्हानमा सरकी टाके, मंग धार. आते कोनले टाईम शे? पन टाईम नही म्हनीसन म्हैसले टोचानं, हाई काही बरं नही.

तबेला_धुळे:
तापीकाठ, बोललात ते लागलं, पण खोटं नाही. डॉक्टरसाहेब, मला नुसता उपदेश नको, पद्धत सांगा. सुईवरची म्हैस सुईवरून उतरते का? आणि उतरेपर्यंत माझं दूध किती तुटेल?

पशुवैद्य_पारोळा:
उतरते, पण एका दिवसात नाही आणि सगळ्या सारख्या उतरत नाहीत. आधी बिनचिठ्ठीची बाटली फेका. तुमच्या जवळच्या डॉक्टरांना गोठ्यात बोलवा. ते मोजून मात्रा ठरवतील आणि टप्प्याटप्प्यानं कमी करतील. त्या काळात माणूस बदलायचा नाही, वेळ बदलायची नाही, जागा बदलायची नाही. कोमट पाण्यानं कास धुवा, दोन-तीन मिनिटं हातानं चोळा, आंबोण नेमकं तेव्हाच समोर ठेवा. म्हशीला सवय लागते, आंबोणाची बादली वाजली तरी काही जणी पान्हवतात. गोठ्यात ओरडणं आणि काठी बंद. सुरुवातीचे काही दिवस दूध कमी मिळेल. वेत संपत आलेली म्हैस असेल तर तिच्यावर जोर लावू नका, आटवा आणि पुढच्या वेताला नव्यानं सुरू करा.

बाहेरून म्हैस आणणारच असाल तर रेडकासकट आणा, आणि आल्यावर लगेच पूर्ण दुधाचा हट्ट धरू नका. नाहीतर घरच्याच वगारी तयार करा.

तापीकाठ:
आमच्याकडे रेडकाला आधी थोडं पिऊ देतो, पान्हा आला की बाजूला बांधतो आणि शेवटी उरलेलं त्याचं. वर्षाच्या हिशोबात दूध थोडं कमी जातं, पण वगार घरची तयार होते. हरियाणाची गाडी लागत नाही, दलाल लागत नाही. तुमचं गणित वेगळं आहे हे समजतं. दोन म्हशींवर तरी करून बघा.

कोथरूडची_आई:
आम्ही गिऱ्हाइकांनी काही करता येईल का? मला आमच्या दूधवाल्याला विचारायचंय, पण तो दुखावेल असं वाटतं.

तबेला_धुळे:
ताई, विचारा. पण विचारताना वेळेचं आणि भावाचंही बोला. दूध सहाऐवजी साडेसातला चालेल असं दहा घरांनी सांगितलं तरी आमच्या गड्याला श्वास घ्यायला जागा मिळते.

डॉक्टरसाहेब, सध्या दोन म्हशी ताज्या व्यालेल्या आहेत, रेडकं जिवंत आहेत. त्यांच्यापासून सुरू करतो. रेडकं जगवायची कशी ते सांगा, आमच्याकडे महिन्याभरात जातात.

पशुवैद्य_पारोळा:
महिन्याभरात जातात ती बहुतेक जंतांनी. म्हशीच्या रेडकात गोल जंत आईच्या दुधातूनच येतात, त्यामुळे गोठा कितीही झाडला तरी ते चुकत नाही. दहाव्या ते चौदाव्या दिवसात पायपेराझिन पाजा, मात्रा वजन बघून डॉक्टर सांगतील. जन्मल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे. वार पडायची वाट बघत रेडकाला उपाशी ठेवू नका. नाळेला टिंचर आयोडीन लावा. पहिला महिना रोज त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं दूध द्या, म्हणजे तीस किलोच्या रेडकाला तीन लिटर. खाली कोरडं. हगवण लागली तर दूध तोडू नका, मीठ-साखरेचं पाणी सुरू करा आणि त्याच दिवशी फोन करा.

तबेला_धुळे:
एक रेडकू नर आहे. त्यालाही तेवढंच द्यायचं का?

पशुवैद्य_पारोळा:
हो. तुमच्या म्हशीला पान्हा त्याच्यामुळेच येणार आहे.